शुगर, बीपी, थायरॉइड, पित्ताशयात खडे, आणि वर वजनाचं इंजेक्शन?

पत्र:
ताई, माझं वय ४७, उंची १५८ सेंमी, वजन ९२ किलो. ९ वर्षांपासून डायबिटीस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, मागचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आलं. बीपीची गोळी घेते, त्यातच लघवी जास्त होण्याचं औषध पण आहे. थायरॉइड कमी आहे, त्याची गोळी रोज सकाळी. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, पण त्रास काही नाही म्हणून तसेच ठेवलेत. डोळे तपासून ४ वर्षं झाली असतील. गुडघे इतके दुखतात की जिना उतरताना कठडा सोडवत नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणीने वजनाची इंजेक्शनं घेऊन ८ महिन्यांत १७ किलो कमी केलं, ती म्हणते माझ्याकडचं एक इंजेक्शनचं पेन देते, घेऊन तर बघ. धाकटी बहीण म्हणते एवढे आजार असताना हे म्हणजे विषाची परीक्षा, आणि आपल्या आत्याचं थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं याची पण आठवण तिनेच करून दिली. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, दर वेळी ते वजन कमी करा म्हणतात आणि मी मान हलवून येते. घेऊ का नको एवढंच सांगा.
— कठडा धरणारी

उत्तर:
आधी ते पेन. मैत्रिणीला प्रेमाने सांगा की नको, आणि आजच सांगा. नवीन सुई लावली की चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाहीये, टोचताना अगदी थोडंसं रक्त पेनच्या आत मागे जाऊ शकतं आणि त्यातून हेपेटायटिससारखी इन्फेक्शन्स एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, म्हणून पेन एका माणसाचं म्हणजे एकाच माणसाचं. पेन न वापरलेलं, सीलबंद असलं तरी माझं उत्तर तेच आहे, कारण दुसरा धोका डोसचा आहे. ८ महिने घेणारी तुमची मैत्रीण बहुतेक वरच्या डोसवर असणार. या इंजेक्शनांत सहसा सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइड यातलं एक औषध असतं. वजनासाठी सेमाग्लुटाइड सुरू करतात ते आठवड्याला ०.२५ मिलीग्रॅमने, मग दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ असं चढवत २.४ पर्यंत, म्हणजे पूर्ण डोसला पोचायलाच चार महिने जातात. टिर्झेपॅटाइड असेल तर ते २.५ ने सुरू होतं आणि १५ पर्यंत जाऊ शकतं. न सरावलेल्या पोटात एकदम वरचा डोस गेला की दिवसचे दिवस उलट्या होतात, आणि गोळी कशी दुसऱ्या दिवशी बंद केली की उतरते तसं इथे होत नाही, सेमाग्लुटाइड निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, पूर्ण निघायला साधारण पाच आठवडे. टोचलं की टोचलं, परत काढता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं डायबिटीसच्या पेशंटशी बोलण्याचं, त्यांना औषधं आणि सुया समजावून सांगण्याचं काम करतेय, त्यामुळे घ्या किंवा घेऊ नका हे शेवटी तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण तुमचं पत्र वाचून मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की बहिणीने तुमच्या सगळ्या आजारांचं एक गाठोडं बांधलंय आणि त्यावर धोका असं लिहून टाकलंय, आणि मैत्रिणीने ते गाठोडं उघडलंच नाहीये. ते सोडून एकेक आजार बाहेर काढावा लागेल. तुमच्या यादीतल्या काही गोष्टी हे औषध घ्यायचं कारण आहेत, काही थांबून तपासायचं कारण आहेत, आणि एक गोष्ट अशी आहे की ती खरी निघाली तर विषय तिथेच संपतो.

ती एक गोष्ट म्हणजे आत्या.

थायरॉइड म्हटलं की लोक सगळं एकत्र करतात म्हणून जरा नीट सांगते. तुमचा स्वतःचा थायरॉइड कमी आहे, गोळी चालू आहे, हे या इंजेक्शनच्या आड येत नाही. आड येतो तो थायरॉइडचा एक विशिष्ट कॅन्सर, मेड्युलरी नावाचा. थायरॉइडचे बहुतेक कॅन्सर पॅपिलरी जातीचे असतात, मेड्युलरी त्यामानाने कमी दिसतो, तो वेगळ्याच पेशींमधून होतो, त्यांना सी पेशी म्हणतात. उंदरांवरच्या प्रयोगांत या औषधांनी त्याच पेशींच्या गाठी झाल्या होत्या. माणसांत तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही, पण मेड्युलरी कॅन्सरच्या साधारण चारातल्या एका केसमध्ये तो जीनमधून घरात उतरलेला असतो, म्हणून ज्यांना स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी झालाय, किंवा घरात एमईएन २ नावाचा आनुवंशिक आजार आहे, त्यांनी हे घेऊ नये अशी स्पष्ट सूचना अमेरिकेतल्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेली असते. आत्या वडिलांची बहीण, म्हणजे रक्ताचंच नातं. त्यामुळे 'थायरॉइडचा कॅन्सर होता' एवढ्यावर भागणार नाही, कोणता होता ते कागदावर बघायला पाहिजे. ऑपरेशननंतर गाठ तपासून जो बायोप्सी रिपोर्ट येतो त्यात पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी यातला एखादा शब्द बहुतेक वेळा असतोच. पॅपिलरी निघाला तर ही अडचण राहत नाही. मेड्युलरी निघाला तर इंजेक्शन बाजूला ठेवा, तेव्हा तुमचे वडील, तुम्ही आणि बहीण, सगळ्यांचीच वेगळी तपासणी करायची का हे विचारणं जास्त महत्त्वाचं होईल.

समजा पॅपिलरी निघाला. मग पुढे बघू.

डायबिटीस हे तर या औषधाचं मूळ घरच आहे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं. आपलं नैसर्गिक हार्मोन दोनेक मिनिटांत निम्मं होतं, औषध मात्र आठवडाभर टिकतं, खुबी आहे ती एवढीच. सेमाग्लुटाइड अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओझेम्पिक नावाने मंजूर झालं ते डायबिटीससाठी, तेच औषध वजनासाठी वेगोवी नावाने २०२१ मध्ये आलं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, जवळपास ३७ येतो. वजनासाठी ही औषधं बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार, अशांना देतात. म्हणजे तुम्ही उगाच हौसेखातर विचारताय असं अजिबात नाही, नियमात बसणाऱ्या आहात. गुडघ्यांचंही तेच, लठ्ठपणा आणि गुडघ्याचा संधिवात दोन्ही असलेल्या लोकांवर सेमाग्लुटाइडचा जो अभ्यास २०२४ मध्ये छापून आला त्यात वजनाबरोबर गुडघ्याचं दुखणं पण चांगलं कमी झालं होतं. किडनीचंही, डायबिटीसमुळे किडनी बिघडलेल्या ३५३३ लोकांवरच्या अभ्यासात गंभीर किडनीचे प्रसंग २४ टक्क्यांनी कमी झाले, आणि बहिणीला हा आकडा मुद्दाम दाखवा कारण हे सगळे लोक 'एवढे आजार असलेले'च होते.

पण मैत्रिणीच्या १७ किलोंवर डोळा ठेवून सुरू करू नका. तुम्ही लिहिलं नाहीये पण तिला डायबिटीस नसावा असं मी धरून चालतेय. डायबिटीस असलेल्यांचं वजन याच औषधावर कमी उतरतं, सगळ्या मोठ्या अभ्यासांत हे दिसलंय. सेमाग्लुटाइड २.४ वर ६८ आठवड्यांत डायबिटीस नसलेल्यांचं सरासरी १४.९ टक्के वजन गेलं, डायबिटीस असलेल्यांचं ९.६ टक्के. तुमच्या ९२ किलोंत ते ९ किलोच्या आसपास बसतं, तेही सव्वा वर्षात. टिर्झेपॅटाइडचे आकडे यापेक्षा जास्त आहेत, डायबिटीसवाल्यांत वरच्या डोसला १४.७ टक्के, तरी तिथेही डायबिटीस नसलेल्यांपेक्षा कमीच. ९ किलो ऐकून तोंड पाडू नका, जिन्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर जो भार येतो तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट असतो, तुमच्या गुडघ्यांना हे ९ किलो नक्की जाणवतील.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. या इंजेक्शनवर मी जे पेशंट अडचणीत आलेले बघितले त्यातले बरेचसे नव्या औषधाने नाही तर जुन्या गोळ्या जुन्याच डोसमध्ये चालू राहिल्या म्हणून आले. एक पन्नाशीचे गृहस्थ होते, इंजेक्शन सुरू झाल्यावर जेवण निम्म्यावर आलं, वजन उतरायला लागलं, घरात सगळे खूश, आणि तुमच्याकडे आहे तीच ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीइतकीच चालू. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, ती इन्सुलिन सोडवतच राहते. एक दिवस दुपारी घामाने डबडबून खाली बसले, शुगर बघितली तर ५४. बायको घरी होती म्हणून वेळेवर साखरेचं पाणी तोंडात गेलं. एका जागी त्यांना इंजेक्शन लिहून मिळालं होतं, दुसरीकडून जुन्या गोळ्या, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कोणी ठेवलेच नव्हते. मला अजून तो प्रसंग आठवला की राग येतो, कारण तो टाळणं फार सोपं होतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर इंजेक्शनच्या आधीच त्यांचा डोस कमी करायचा का, थांबवायचा का, हे ठरवावं लागतं. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर एवढी पाडत नाही, ते बहुतेक वेळा चालू ठेवतात. आणि कृपा करून हे बदल मनाने करू नका, इन्सुलिनवाल्यांनी तर मुळीच नाही, ते एकदम तोडलं तर शुगर खूप चढून गंभीर प्रकार होऊ शकतो.

तसंच तुमच्या बीपीच्या गोळीचं, त्यात लघवी जास्त करणारं औषध आहे असं तुम्ही लिहिलंय ते फार बरं केलंत. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि दर वेळी डोस वाढवला की मळमळ, उलट्या, जुलाब किंवा उलट बद्धकोष्ठता हे बऱ्याच जणांना होतं, बहुतेकांचं हळूहळू कमी पण होतं. पण उलट्या चालू आहेत, पाणी पोटात ठरत नाही, आणि वरून गोळी लघवीवाटे पाणी काढतेय, असं झालं की शरीर कोरडं पडतं आणि किडनीवर ताण येतो. म्हणून डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या की उलट्या-जुलाबाच्या दिवशी यातली कोणती गोळी थांबवायची, मेटफॉर्मिनचं काय करायचं, आणि किती तासांनी फोन करायचा. शिवाय वजन उतरलं की बीपी पण उतरतं, तेव्हा घरी आठवड्यातून दोनदा तरी मोजा, उठताना डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर ती अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, गोळी जास्त होतेय का ते विचारा.

थायरॉइडच्या गोळीचा मामला हलका आहे. वजन बदललं की तिचा डोस पण बदलावा लागू शकतो, टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी मधूनमधून बघत राहायची, बस.

खड्यांचं मात्र हलक्यात घेऊ नका. वजन भराभर उतरलं की, मग ते कशानेही उतरो, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, आणि या औषधांनी पित्ताशयाची हालचाल मंदावते ती वेगळीच. तुमच्याकडे खडे आधीच आहेत, गप्प बसलेले आहेत. ते असताना इंजेक्शन द्यायचंच नाही असा नियम नाही, पण नवीन सोनोग्राफी करून, एकदा सर्जनचं मत घेऊन, डोस सावकाश वाढवत जाणं शहाणपणाचं. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ, सोबत ताप, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि पोटाच्या वरच्या भागात जोराचं, पाठीत जाणारं, न थांबणारं दुखणं आणि उलट्या असतील तर ती स्वादुपिंडाला सूज असू शकते, ती या औषधाने क्वचित होते आणि खडा सरकल्यानेही होते, तेव्हा पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. ज्या वाचकांना पूर्वी स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे त्यांनी तर ही गोष्ट पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगायची. पुढे कधी पित्ताशयाचं ऑपरेशन करायची वेळ आलीच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शन चालू असल्याचं सांगा, पोट उशिरा रिकामं होत असल्याने उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

डोळ्यांचं वाचून मी थबकलेच. ४ वर्षं म्हणजे फार झाली हो. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइड घेणाऱ्या डायबिटीसच्या ३ टक्के लोकांचा डोळ्याच्या पडद्याचा त्रास वाढला, न घेणाऱ्यांत १.८ टक्के, आणि हे मुख्यतः त्यांच्यात ज्यांचा पडदा आधीच खराब होता आणि शुगर खूप वेगाने खाली आली. तुमचं एचबीएवनसी ८.१, म्हणजे शुगर उतरायला जागा आहे, आणि पडद्याची अवस्था कोणालाच माहीत नाही. बाहुलीत थेंब टाकून पडदा बघतात ती तपासणी इंजेक्शनच्या आधी झालीच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही. पडद्यावर काही दिसलं तर आधी ते मार्गी लावून मग सावकाश सुरू करता येतं. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं हा अतिशय दुर्मिळ प्रकार सेमाग्लुटाइडचा साइड इफेक्ट म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये नोंदवलाय, तसं झालं तर एक दिवसही थांबायचं नाही.

एक नाजूक गोष्ट, ४७ ला पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात. गरोदरपणात हे औषध नको, आणि टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे हे लागू होत असेल तर तेही विचारा.

आणि हे किती दिवस घ्यायचं ते सुरू करायच्या आधीच मनाशी बघा. अभ्यासात ज्यांनी बंद केलं त्यांचं उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. त्यात त्यांच्या इच्छाशक्तीचा दोष नव्हता, भुकेचे सिग्नल पूर्वीसारखे चालू झाले एवढंच, जशी बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायू पण जातात, आणि तुमच्या गुडघ्यांना मांडीचे स्नायूच सांभाळतात, म्हणून भूक कमी झाली तरी ताटात प्रोटीन आधी वाढून घ्यायचं आणि फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीत बसून करायचे मांडीचे व्यायाम शिकून घ्यायचे, तेही पहिल्या इंजेक्शनच्या आधीपासून.

लाजेबद्दल. ९ वर्षं तुम्ही मान हलवून परत येताय हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. 'वजन कमी करा' हे वाक्य म्हणजे उपचार नाही, कसं करायचं हे सांगितल्यावर तो उपचार होतो, आणि ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तोंडातून शब्द फुटत नसतील तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद टेबलावर ठेवा. वर लिहा, 'मला वजनाच्या इंजेक्शनबद्दल विचारायचंय, मी चालेन का?' खाली सगळ्या गोळ्यांची नावं डोससकट, खडे, आत्याचा कॅन्सर, पोट लवकर भरतं किंवा जेवण तासन्तास अंगावर बसतं असं होतं का ते (बरीच वर्षं डायबिटीस असलेल्या काही जणांचं पोट आधीच मंद झालेलं असतं, त्यांना हे औषध त्रास देतं), आणि डोळे, किडनी म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, टीएसएच, सोनोग्राफी या तपासण्या लिहून द्या अशी विनंती. त्यावर डॉक्टर हो म्हणाले तरी चालेल, नाही म्हणाले तरी चालेल, फक्त का ते विचारून या. कागद बघायलाच तयार नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला काहीच हरकत नाही, डायबिटीस आणि हार्मोन्सचे तज्ज्ञ असतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे.

यात महिना-दीड महिना सहज जाईल. जाऊ दे. सुरुवात मात्र आज संध्याकाळीच होऊ शकते, आत्याच्या घरी फोन करा, आत्या बोलत्या असतील तर त्यांना, नाहीतर त्यांच्या मुलांना विचारा, ऑपरेशनची जुनी फाइल कुठे ठेवलीय, आणि त्यातल्या बायोप्सीच्या पानाचा फोटो मागवून घ्या. सापडलं की त्यावर काय लिहिलंय ते मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.